पाठीखालची चुणी

पक्षी बघायला जाणारी माणसं मला तेव्हा रिकामटेकडी वाटायची. पहाटेच्या अंधारात उठायचं, कुडकुडत कुठल्या तरी माळावर जाऊन बसायचं आणि मूठभर पाखरासाठी तासभर तोंड मिटून ठेवायचं, हे ज्याला घरी काम नाही त्यानं करावं. मला घरी काम होतं. इतकं होतं, की त्या हिवाळ्यात मी वर्गात फळ्यावर तारीख लिहितानाही उभ्या उभ्या पेंगायची, आणि पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. मी त्यांना रागवायची नाही. रागवायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

आदला पावसाळा संपता संपता सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. आवाज होता, शब्दही होते, पण ओठांतून बाहेर येईतो त्यांचा चिखल व्हायचा. तो चिखल घरात फक्त मला कळायचा. कसा ते मलाही सांगता येणार नाही. रात्रंदिवस जवळ असलं की कळत असावं. नवरा कामावरून आला की आईजवळ वाकायचा, ती काहीतरी बोलायची, आणि तो मान वळवून मला विचारायचा, "काय म्हणतीय?" मी सांगायची, पाणी मागतात. उशी काढा म्हणतात. डॉक्टर आले तरी तेच, शेजारीपाजारी आले तरी तेच. सासूबाई चिडून मला शिव्या द्यायच्या, तेव्हा नवरा त्याही विचारायचा आणि मी त्याही जशाच्या तशा सांगायची. 'मुडद्याच्या हाताची म्हणतात मला, हात गार आहेत म्हणून.' त्या ऐकायच्या आणि बरोबर आहे अशी मान हलवायच्या.

आम्ही भवानीनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी सासूबाईंची कॉट. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील आणि त्या भरून यायच्या नाहीत. बजावून ते गेले. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? कूस बदलायची म्हणजे एक हात खांद्याखाली घालायचा, एक कमरेखाली, ओढायचं नाही, उचलून वळवायचं, पाठीला उशीचा टेकू द्यायचा, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेलं लुगडं सरकवायचं आणि चादर हातानं ताणून घ्यायची. दिवसाही आणि रात्रीही. मी सणसरच्या शाळेत असायची तेवढा वेळ शेजारच्या मावशी बघायच्या. त्यांचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. बाकी सगळं माझ्याकडे. नवरा वाईट नव्हता. बॉयलरवर होता, आणि हंगाम सुरू असला की बॉयलरवरच्या माणसाला ना रात्र ना दिवस. घरी येऊन आईच्या पायाशी बसायचा, पाय चेपायला घ्यायचा आणि चेपता चेपता तिथंच घोरायला लागायचा.

माझा खरा राग नणंदेवर होता. ती नवऱ्यापेक्षा मोठी, इंदापूरला दिलेली. घरचं किराणा दुकान, ऐसपैस घर, हाताशी आलेल्या दोन मुली. महिन्यातून एकदा एसटीनं यायची, केळी आणायची, आईच्या गालावरून हात फिरवून ढसाढसा रडायची आणि गाडी चुकायला नको म्हणून दिवस मावळायच्या आत निघायची. निघताना दारात माझा हात धरून म्हणायची, "वैनी, तुमी हाय म्हणून." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण गप्प बसायची. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंना नणंदेनं उन्हाळा सरेपर्यंत आपल्याकडे न्यावं. बस. मला झोपायचं होतं. आमच्याकडे भावाभावांत म्हाताऱ्या आईबापांची पाळी लावतात, चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे. पण नवरा एकुलता एक, आणि लेकीकडे आईची पाळी लावल्याचं मी कुठं ऐकलं नव्हतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणणारी माणसं ही. सासूबाई धडधाकट होत्या तेव्हा इंदापूरला लेकीकडे जायच्या ते पाण्याची बाटली पिशवीत घालून, आणि संध्याकाळच्या आत परत. अशा बाईला लुळी पडल्यावर लेकीच्या दारात नेऊन ठेवायचं, म्हणजे सगळ्या भावकीनं माझ्या नवऱ्याच्या तोंडात शेण घालायचं. त्यामुळे हे मनातल्या मनातच राहिलं होतं, आणि दिवसेंदिवस आंबत चाललं होतं.

मोठ्या बाई भेटल्या त्या बारामतीत, औषधाच्या दुकानात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या पूर्वीच्या मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही, कुणाला भ्यायल्या नाहीत. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की मुलांच्या आधी मास्तर ताठ बसायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारामतीत पाखरं बघणाऱ्यांचा एक कंपू जमवला होता आणि सुट्टीच्या दिवशी त्या त्यांना घेऊन रानोमाळ हिंडायच्या. मी अंगाला लावायच्या पावडरीचे डबे पिशवीत भरत होते. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"आरशात बघतेस का कधी?"

मी हसले.

"हसू नकोस. येत्या शनिवार-रविवारी आमच्याबरोबर चल. माळ बघू, धरणाचं पाणी बघू. रोहित पक्षी आलेत."

"नाही हो बाई, घरी..."

"घरी काय?"

"काही नाही," मी म्हटलं. घरचं गाऱ्हाणं दुकानाच्या फळीशी उभं राहून सांगायची मला सवय नव्हती. आणि मोठ्या बाईंना 'नाही' म्हणायची तर कुणालाच नव्हती.

नवऱ्याला हे सांगितलं ते नुसतं सांगायचं म्हणून. तो म्हणाला, "जा की." मी विचारलं, "आणि आत्याबाईंचं?" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. दुसऱ्या दिवशी त्यानं परस्पर बहिणीच्या दुकानात फोन केला आणि ती येते म्हणाली. मला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली. जायचं नाही याची मी मनाशी तयारी करून ठेवली होती. शुक्रवारी संध्याकाळी ती केळी घेऊन हजर. तिला मी सगळं करून दाखवलं. चमच्यानं पाणी उजव्या बाजूनं सोडायचं. वळवताना खांदा ओढायचा नाही. पाठीखाली चुणी राहू द्यायची नाही, एका चुणीची जखम होते. ती मान डोलवत होती. सासूबाई टक लावून आम्हा दोघींकडे बघत होत्या. मग काहीतरी म्हणाल्या. नणंदेनं लगेच माझ्याकडे बघितलं.

"स्वेटर घालून जा म्हणतात," मी सांगितलं.

जीप पहाटे आली. पुढं मोठ्या बाई, कानाला मफलर गुंडाळून. मागं कॉलेजातली तीन-चार तरुण मंडळी एकमेकांच्या अंगावर झोपलेली, आणि वाटेत कन्हेरी गावाला जीपमध्ये चढलेले बँकेतले एक साहेब, टक्क जागे. साहेबांच्या गळ्यात दुर्बीण एवढी मोठी, की गळ्यात लोढणं घातलेल्या गुरासारखे ते वाकून बसले होते. त्यांनी मला बसायला जागा दिली आणि रोहित पक्षी किती हजार मैलांवरून येतो ते सांगायला घेतलं. मी झोपले. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, जीप सारखी थांबत होती, माझं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटत होतं, मळीचा वास नाकात जात होता, आणि तरी मी झोपले. जाग आली तेव्हा साहेब अजून बोलतच होते. नंतर कळलं, ते मध्यंतरी दुसऱ्या पक्ष्यावर गेले होते.

कळस गावाच्या पुढं एका माळाशी जीप थांबली. मोठ्या बाईंचा एकच नियम होता. एकदा खाली बसलं, की त्या स्वतः उठेपर्यंत कुणी बोलायचं नाही. खोकला आला तर पदरात किंवा रुमालात. एवढा एकच नियम पाळायला बँकेतल्या साहेबांना किती कष्ट पडत ते बघण्यासारखं होतं. गवत वाळून पिवळं पडलेलं, त्यावर दव, आणि उघड्यावर सुटलेला गार वारा. आम्ही एका बांधाला टेकून बसलो. एका मुलीनं माझ्या हातात दुर्बीण दिली आणि बोटानं समोर दाखवलं. दगड. त्या बाजूला दगड. माळावर दगडांशिवाय होतं काय? तिनं पुन्हा बोट दाखवलं, भुवया उंचावून विचारलं, दिसला? मी मान हलवली, दिसला. मागाहून समजलं की तो धाविक होता, मातीच्याच रंगाचा, तुरुतुरु पळणारा, आणि तो बघायला लोक पुण्याहून येतात. मी बघितलेला धाविक हा शेवटपर्यंत एक दगडच राहिला.

पण शांततेचं मात्र नवल वाटलं. सुरुवातीला ती मला सोसवेना. घरी मी सतत एक कान त्या खिडकीशी ठेवून असायची. सासूबाईंना हाक मारता यायची नाही, घशातून नुसता एक हुंकार यायचा, आणि तो भांडी घासतानाही मला ऐकू यायचा. इथं कुणी हुंकार देत नव्हतं. मी तरी कान लावूनच बसले होते. मध्येच जवळच्या नांगरटीतून टिटवी ओरडली आणि मी ताडकन अर्धी उठले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मोठ्या बाईंनीही बघितलं, आणि नजर परत माळावर वळवली.

दुपारी ऊन तापलं. कालव्याच्या कडेला एक डेरेदार चिंच होती, तिथं सतरंज्या टाकल्या. भाकरी, झुणका, कांदा. जेवणं झाल्यावर मोठ्या बाईंनी फर्मान काढलं की आता ऊन उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही. पाखरंही या वेळेला सावली धरून बसतात. पुरुषमाणसं पलीकडच्या झाडाखाली गेली. बाईंच्या शेजारी मी पदर तोंडावर घेऊन आडवी झाले.

पुढचं जे झालं ते मी अनेकदा आठवून बघितलं आहे. मी झोपले होते, हे नक्की. आणि झोपेतच माझ्या अंगाला वेळ झाल्याचं कळलं. अंगाला ते बरोबर कळायचं, त्याला घड्याळ लागत नव्हतं. मी उठून गुडघ्यांवर बसले. शेजारी एक म्हातारी बाई उताणी झोपली होती. तिच्या खांद्याखाली मी एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि हलकेच उचलून तिला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीशी माझी पिशवी टेकवली. वरचा पाय गुडघ्यात वाकवला. मध्ये घालायला काही सापडेना म्हणून माझ्याच स्वेटरची घडी सरकवली. मग लुगडं सारखं करायला हात पुढं गेला, आणि हाताला लागलं ते कडक खळीचं सुती पातळ.

मी थिजले. डोळे आता पुरते उघडले होते. मोठ्या बाई कुशीवर निजल्या होत्या, मी निजवल्या तशा, आणि त्यांचे डोळेही उघडे होते.

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ज्या बाईंसमोर आम्ही कधी पाय हलवत बसलो नाही, त्यांना मी भरदुपारी पोत्यासारखं उचलून वळवलं होतं.

"थांबलीस का?" बाई म्हणाल्या, न हलता. "पाठीखाली चुणी राहिली आहे."

माझे हात आपोआप पुढं गेले आणि मी सतरंजीची ती चुणी ताणून काढली.

"कोण आहे घरी?"

"सासूबाई."

"किती दिवस?"

"पावसाळा संपल्यापासून."

"आणि रात्रीचं कोण?"

"मीच."

मग मी रडले. मी रडणारी बाई नाही. आमच्याकडे रडण्याचं खातं नणंदेकडे होतं. पण त्या दिवशी चिंचेखाली तोंडात पदराचा बोळा कोंबून मी रडले, कारण कुणीतरी रात्रीचं विचारलं होतं. सगळे दिवसाचं विचारायचे. मी बाईंना सगळं सांगितलं. नणंदेचं, केळ्यांचं, माझ्या मनातल्या उन्हाळ्याचं.

बाई कुशीवरच राहिल्या. "माझी आई," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं. शाळा सुटली की मी घरी पळायची, ते तुम्हाला वाटायचं बाई शिस्तीच्या आहेत. दोन भाऊ होते मला. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही मागितलं नाही. आपण होऊन त्यांना कळावं म्हणून वाट बघत बसले. आई गेली त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. धाकटा गेला, तरी बोलले नाही."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "मागितलं असतं आणि त्यांनी नाही म्हटलं असतं, तर एकदा कडकडून भांडले असते. भांडलेली माणसं पुन्हा बोलतात. तू माग."

"रीत नाही आमच्यात. लेकीकडे..."

"रीत मलाही सांगता येते. उद्या संध्याकाळी नणंद घरी आहे ना? मग उद्याच माग. ती एकदा इंदापूरच्या गाडीत बसली की तू पुन्हा गप्प बसशील." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि अक्षरशः दोन मिनिटांत त्या घोरायला लागल्या. मी त्यांच्या गुडघ्यांतला स्वेटर तसाच राहू दिला.

त्या संध्याकाळी आम्ही धरणाच्या पाण्याकाठच्या एका कोळ्यांच्या वस्तीवर गेलो आणि शाळेच्या खोलीत मुक्काम केला. मला झोप आली नाही. झोपेलाही सवय लागते, आणि माझी मोडली होती.

रविवारी सकाळी होडी. पाण्यावर धुकं होतं आणि थंडी हाडात शिरत होती. होडीवाल्यानं लांब बांबूनं होडी लोटली. वाटेत तो एकदाच बोलला, पाण्याकडे बोट करून, "ह्याच्या खाली आमचं जुनं गाव हाय." बँकेतले साहेब त्यावर काही विचारणार, तेवढ्यात मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी तोंड मिटलं. सगळे दुर्बिणी लावून बसले. पट्टकदंब होते, चक्रवाक होते. नावं मला मागाहून कळली. मी एक वाक्य घोळवत होते. 'वन्सं, आत्याबाईंना थोडे दिवस तुमच्याकडे नेता का?' नको, 'थोडे दिवस' म्हटलं तर ती आठवड्यानं आणून सोडेल. 'वन्सं, मला आता होत नाही.' यावर ती रडेल आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागेल. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून पाठ केलेलं भाषण पोरं जशी पुटपुटतात, तशी मी पुटपुटत होते.

"बाई, तकडं बगा," होडीवाला हळूच म्हणाला.

रोहित उथळ पाण्यात उभे होते. शेकड्यांनी असतील. काड्यांसारखे पाय, माना पाण्यात घातलेल्या. मग कशानं तरी ते एकदम उडाले आणि पंखांखालचा तो लाल रंग सगळीकडे उघडला. कॉलेजातल्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी तर हातच जोडले. सुंदर होतं, यात वादच नाही. आणि मला काहीही वाटलं नाही. मी त्या पाखरांकडे बघत होते आणि मनात एवढंच होतं, की आता आत्याबाईंना उजव्या कुशीवर घेतलं असेल का. तेव्हा मला माझी भीती वाटली. माणूस असं आतून वाळत गेलं तर पुढं काय उरतं, असं वाटलं. नणंदेपुढं बोलायचं हे मी त्या क्षणी ठरवलं, रोहितांच्या सौंदर्यानं भारावून नव्हे, तर ते मला दिसून न दिसल्यासारखे झाले म्हणून.

संध्याकाळी जीपनं मला वसाहतीच्या फाटकाशी सोडलं. मोठ्या बाई खाली उतरल्या, माझी पिशवी माझ्या हातात दिली.

"मागशील ना?"

"बघते."

"बघते नाही. माग."

घरात गेले तर नणंद उंबऱ्याशी बसलेली. वेणी सुटलेली, डोळे खोल गेलेले, पदर खोचलेला. दोन दिवसांत बाई उतरली होती. तिनं मला बघून नुसतं "आलासा?" म्हटलं आणि चहा टाकायला उठली. नवरा कामावरून येऊन बसला होता. मी हातपाय धुतले आणि आधी कॉटपाशी गेले. सासूबाईंच्या पाठीखाली हात घालून बघितला. चादर ताठ. पाठ कोरडी, कुठं लाली नाही. नणंदेनं सगळं नीट केलं होतं. काहीतरी चुकलं असतं तर मला बोलणं किती सोपं गेलं असतं!

चहा झाला. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसत होती, उद्या पहिल्या गाडीनं ती जाणार होती. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

"वन्सं, आत्याबाईंना तुमच्याकडं न्या. उन्हाळा सरेपर्यंत. मला होत नाही आता."

नवऱ्यानं कपबशी खाली ठेवली. "काय बोलतीस?"

"होत नाही म्हणते."

"आगं पर लोक काय म्हणतील? लेकाला जड झाली, म्हणून लेकीच्या दारात नेऊन टाकली म्हणतील."

"म्हणू देत. लोक येणार आहेत का रात्रीचे उठायला?" माझा आवाज चढला होता. वसाहतीतल्या भिंती पातळ, पलीकडे मावशींना ऐकू जात असणार. जाऊ दे म्हटलं.

नणंद रडली नाही, याचं मला नवल वाटलं. खाली बघत म्हणाली, "माझं घर तिचंच हाय वैनी. पर ती कवा पानी तरी पिली का माझ्या घरचं? आन् तितं तिचं काय बरंवाईट झालं, तर मी जन्मभर तोंड कुठं दाखवू? लेकीनं नेलं आन् मारलं म्हणतील."

तिचंही खोटं नव्हतं. तेवढ्यात कॉटवरून हुंकार आला आणि पाठोपाठ शब्द. सासूबाई बोलल्या. दोन तुकडे, थांबून थांबून. मला ते स्वच्छ कळले.

"काय म्हणतीय आई?" नवऱ्यानं मला विचारलं, नेहमीसारखं.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला सांगावंसं वाटेना. पण सांगितलं.

"मला ने म्हणतात. ही मरंल म्हणतात."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही. रागाची नव्हती. त्यानं विचारलं, "आसं म्हणली ती?"

मी त्यांचं पाणी पोचवलं होतं, उशी पोचवली होती, मला दिलेल्या शिव्यासुद्धा एक अक्षर न गाळता पोचवल्या होत्या, आणि आता पहिल्यांदा त्यांच्या तोंडून माझ्या बाजूचं काही निघालं तर ते माझंच वाटत होतं. त्याचा दोष नाही. मी त्याच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं. सासूबाईंनी धड असलेल्या उजव्या हातानं कॉटची पट्टी बडवली आणि तेच पुन्हा म्हणाल्या, मोठ्यानं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी ओठ मिटून घेतले. दुसऱ्यांदा मी सांगणार नव्हते. मेले असते तरी नाही.

"तसंच म्हणतीया," नणंद म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही.

"काल सकाळपासनं मला हेच सांगतीया. मला ने, ही मरंल. काल रातीपातूर मला कळाय लागलं हुतं. मीच गप बसले."

मी भिंतीला टेकून खाली बसले. नणंद पुढं काहीतरी सांगत होती, नवरा हो हो म्हणत होता, एवढं आठवतं. नंतरचं आठवत नाही, कारण मी बसल्या जागी झोपले. माझ्या अंगावर कुणी पांघरूण घातलं, तेही मला कळलं नाही.

जाग आली तेव्हा उन्हं आत आली होती, शाळेची वेळ टळून गेली होती आणि कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. नवरा दारात बसला होता. पहाटेच एकाची जीप मिळाली, म्हणाला, आईला आणि आक्काला इंदापूरला सोडून आलो. वाटेत आईनं आक्काच्या बाटलीतलं पाणी पिलं.

मी त्याच्यावर उसळले. मला उठवायचं नाही का? मी पाया तरी पडले असते. जाताना त्यांना काय वाटलं असेल?

"आईच म्हणली," तो म्हणाला. "तिला उठवू नगा म्हणली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. "समद्यास्नी कळलं."